ऐकणारी माणसं

पोवई नाक्यावर, बॅटरीच्या दुकानासमोर, तानाजीदादाने क्रांतीला हाक मारली आणि तिच्या घरचे पेढे खाऊनच आल्यासारखा हसत रस्ता ओलांडला. तानाजीदादा तिच्या माहेरच्या भावकीतला, कोरेगावकडच्या धामणमाळचा. खांद्यावर ट्रॅक्टरची बॅटरी, टोपी मागे सरकलेली. क्रांती ऋषिराजच्या गाडीची वाट बघत उभी होती. अंगावर ठेवणीतली साडी होती, हातात लॅपटॉपची पिशवी होती, आणि कालपासून पाय जमिनीला लागत नव्हते. दिल्लीच्या एका पाहणी कंपनीने दोन जिल्ह्यांत घरोघर जाऊन विचारलं होतं, की सकाळी रेडिओवर काय ऐकता. आणि खेड्यापाड्यांत सगळ्यांत जास्त ऐकला जाणारा कार्यक्रम ठरला होता रेडिओ उरमोडीवरचा 'उजाडलं', म्हणजे क्रांती भोईटेचा. बारा वर्षं पहाटे उठून घसा तापवल्याचं फळ. हे दादाला कसं सांगावं, म्हणजे फुशारकी वाटणार नाही, याचा ती विचार करते आहे तोवर त्यानेच सांगून टाकलं.

"आलीस का न्हाई पयली? येणारच हुतीस. अगं, एक बी मत फुटू दिलं न्हाई आमी."

"कसलं मत, दादा?"

"त्या सर्व्हेवाल्या पोरी आल्या हुत्या न्हवं. समद्या गावानं तुझंच नाव सांगितलं. ज्येच्या घरात रेडिओ न्हाई त्येनं बी."

एवढं बोलून, बॅटरी जड होती म्हणून, तो निघूनही गेला. क्रांती तिथेच उभी राहिली. समोर वडापवाला जीपला टेकून कोरेगाव, कोरेगाव ओरडत होता, उसाच्या रसाच्या गाड्यावरची घुंगरं वाजत होती, आणि तिला यातलं काही ऐकू येत नव्हतं. कुणी मारलेलं नाही, कुणी वाईट बोललेलं नाही. उलट कौतुक करून गेला माणूस, आणि तरी कानाखाली बसल्यासारखं झालं होतं. ऋषिराजने दोनदा हॉर्न दिला तेव्हा ती भानावर आली आणि गाडीत बसली.

ऋषिराज स्टेशनच्या मालकांचा पुतण्या. जाहिरातींचं तोच बघायचा. पोरगा वाईट नव्हता, पण कालपासून त्याच्या तोंडात 'नंबर वन' याखेरीज शब्द नव्हता. दोघं निघाले होते सांगलीला, भडंगवाल्या अजहरशेठकडे. अजहरने 'उजाडलं' वर्षभरासाठी पुरस्कृत केलं तर कार्यक्रम राहणार होता. नाही केलं, तर पुढच्या महिन्यापासून सकाळी पुण्याहून तयार येणारी गाणी लावायची आणि मधे कुणी बोलायचंच नाही, असं मालकांनी तिच्या तोंडावर सांगितलं होतं. आवाज मऊ होता त्यांचा, पण अर्थ पक्का होता. अजहर मात्र व्यापारी माणूस. आकडे बघितल्याशिवाय हात सैल सोडायचा नाही, असं त्याने आधीच कळवलं होतं. आता आकडे होते. पिशवीत होते, रंगीत, वर चढणाऱ्या उभ्या पट्ट्यांचे. काल रात्री तिने ती सगळ्यांत उंच पट्टी कितीदा बघितली होती याची तिला आता लाज वाटली. असल्या पाहण्यांत थोडीच गावं उचलतात. चिठ्ठी टाकल्यासारखी. आणि त्या एका गावावरून तसल्या पुष्कळ गावांचा अंदाज बांधतात. म्हणजे धामणमाळच्या एका घराने तिचं नाव घेतलं, की कागदावर शेकडो घरं कान टवकारून बसली. धामणमाळचं तर एकही घर मागे राहिलेलं नव्हतं. ती उंच पट्टी म्हणजे तिचं माहेर होतं.

गावाला दोष द्यावा तर कोणत्या तोंडाने? धामणमाळची ही रीतच होती. ग्रामपंचायत तीन पिढ्या बिनविरोध. दूध संघ, सोसायटी, सगळं देवळाच्या कट्ट्यावर ठरायचं, आणि एकदा ठरलं की बापाविरुद्ध मुलगा जायचा नाही. शेजारच्या गावांत निवडणुकीला डोकी फुटायची तेव्हा धामणमाळात गुलाल आधीच आणून ठेवलेला असायचा. या एकीचा तिला केवढा अभिमान. कॉलेजात असताना ती मैत्रिणींना सांगायची, आमच्या गावात मत फुटत नाही. तेव्हा त्या पाहणीवाल्या पोरी फाट्यावर उतरल्या असतील, पहिल्या आळीत विचारायला लागल्या असतील, आणि त्या दुसऱ्या आळीत पोचायच्या आत कट्ट्यावर ठराव झाला असेल. कोण काय ऐकतं, असं एकेका माणसाला वेगवेगळं विचारायचं असतं, हे गावाला कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं. दारात आलेल्या पाहुण्या पोरींना चहा दिला असेल, गूळशेंगा दिल्या असतील, आणि वर त्यांना हवं ते उत्तरही दिलं असेल. नाही म्हणून पाठवायची पद्धत धामणमाळात नव्हतीच.

"मॅडम, गप्प का?" ऋषिराजने विचारलं. ती म्हणाली, की हायवेने नको, कोरेगावच्या अंगाने घे, माझ्या माहेरावरून जाऊ, पुढे रहिमतपूर-मसूरकडून कऱ्हाडला निघता येतं. त्याला वाटलं, बाईला आनंदाची बातमी आईबापांच्या कानावर घालायची आहे. त्याने खुशीने गाडी वळवली.

दोन्ही बाजूंना ऊस होता, तोडीला आलेला, पिवळट. क्रांती खिडकीला टेकून एकेक कौतुक आठवायला लागली, जुनी नाणी खरी की खोटी तपासावी तशी. जत्रेला माहेरी गेलं की बायका म्हणायच्या, क्रांते, लय झ्याक बोलतीस. म्हातारे म्हणायचे, तुझा आवाज घुमतोय बघ गावात. सरपंच म्हणायचे, गावाचं नाव काढलंस. हे ऐकून ती फुलायची. माणूस आहे, फुलणारच. पण आता तिच्या लक्षात आलं, की काय बोललीस हे कुणी कधी म्हटलेलं नाही. मागे वाठारकडच्या एका माणसाची गाभण म्हैस सुटून गेली होती. क्रांतीने रोज सकाळी तिची खूण सांगितली, एक शिंग खाली वळलेलं, कपाळावर पांढरा टिकला. आणि शेवटी म्हैस सापडली तेव्हा तिने ती बातमी अशी सांगितली होती, की शेजारच्या खोलीतल्या तांत्रिक विभागाच्या माणसाने चहाचा कप खाली ठेवला होता. त्याच आठवड्यात ती गावच्या जत्रेला गेली. दिवसभर घरोघर पुरणपोळी खाल्ली. त्या म्हशीचं नाव एकानेही काढलं नाही. धामणमाळात, जिथे दुसऱ्याच्या म्हशीला काय झालं हे विचारल्याशिवाय माणसाला जेवण जात नाही, तिथे एकानेही नाही. तेव्हा हे तिला खटकलं नव्हतं. आता खटकलं. म्हणजे बारा वर्षं ती कुणाशी बोलत होती?

खरं तर तिला नेहमी वाटायचं, आपण आबांशी बोलतो. वडील, जोतिबा, तोफखान्यातून सुभेदार होऊन निवृत्त झाले ते कान तिकडेच ठेवून आले. डावा पूर्ण गेलेला, उजव्याला मोठ्याने आणि सावकाश बोललेलं तेवढं कळायचं. लहानपणी शाळेतून आल्यावर दिवसभराचं सगळं आबांना सांगायचं, तर शब्द गिळून चालायचं नाही. एकेक अक्षर नीट उच्चारायचं, वाक्य संपलं की थांबायचं, त्यांच्या डोळ्यांत कळल्याची खूण दिसली की पुढे जायचं. बाकीच्या पोरी भराभर बोलायच्या. क्रांती अशी बोलायची, की मास्तर म्हणायचे, हिला भाषणाला उभी करा. रेडिओत निवड झाली ती त्या बोलण्यावर. पुण्यामुंबईहून शिकून आलेली पोरं मायक्रोफोनपुढे धावत सुटतात. ती धावत नाही. कुणी कौतुक केलं की ती मनात म्हणते, हे आबांच्या कानांचं देणं आहे. तिला आपल्या आवाजाचा गर्व होता आणि तो तिने कधी लपवला नाही. गर्व करायलाही काही कमवावं लागतं, असं तिचं मत होतं.

घराच्या पायरीवर आबा पेपर वाचत बसले होते. दारावरच्या पाटीवर अजून दोन नावं होती, सुभेदारांचं आणि तिचं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्यांनी ती उतरू दिली नव्हती. लग्नात पाठवणीच्या वेळी बायका रडू लागल्या, कुणीतरी म्हणालं, दिली आता लेक, तर भर मांडवात आबा आपल्या तोफखान्याच्या आवाजात म्हणाले होते, "दिली न्हाई. पोस्टिंगवर धाडलीया." मांडव रडता रडता हसला होता. भोईट्यांच्या मंडळींनाही राग आला नव्हता. नवराही फौजेतलाच, त्याला तर ते फारच आवडलं होतं. ते वाक्य क्रांतीने आजवर अडचणीच्या वेळी कितीदा मनाशी म्हटलं असेल. सासरी काही बोललं गेलं, नवऱ्याची सुट्टी रद्द झाली, की दिलेली नाही मी, धाडलेली आहे, असं म्हणायचं आणि कामाला लागायचं.

ऋषिराज ओसरीवर बसला. आई, मनुबाई, चहाला आत गेली. क्रांती आबांच्या उजव्या बाजूला बसली आणि मोठ्याने, सावकाश विचारलं, की ती सर्व्हेवाली पोरगी आपल्या घरी आली होती का. आबांनी मान डोलावली. चेहऱ्यावर समाधान होतं. क्रांतीला त्या कामाची रीत माहीत होती. पहिलाच प्रश्न असा असतो, की घरात कुणी रेडिओत, पेपरात, जाहिरातीच्या धंद्यात आहे का; असलं तर ते घर सोडून पुढे जायचं, कारण ते आपल्याकडचंच सांगणार. सुभेदारांचं घर सुटायला हवं होतं.

"आबा, तिनं इचारलं असंल, घरात कुणी रेडिओत हाय का. तुमी काय सांगितलं?"

"न्हाई म्हणून सांगितलं."

"आन् मी?"

आबांनी पेपराची घडी घातली. "तू दिलेली. लगीन झालेली लेक त्या घरची. खोटं कुठं बोललो?"

 या माणसाने हयातीत खोटी साक्ष दिली नव्हती, आणि आताही दिली नव्हती. रीतीप्रमाणे पुरतं खरं सांगितलं होतं. जो शब्द भर मांडवात नाकारला तो एका परक्या पोरीसमोर उच्चारला होता, लेकीच्या बाजूने मत पडावं म्हणून. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि या दोन्हींच्या खाली कुठेतरी अभिमानाने ऊर भरून येत होता, की या बापाने माझ्यासाठी केवढी किंमत मोजली. तिन्ही एकदम आल्यावर माणसाने काय करावं? तिने आबांच्या पैरणीला चिकटलेलं सूत काढलं. मग पुन्हा, त्याच सावकाश आवाजात, विचारलं, की तुम्ही ऐकता का पण.

"मला काय ऐकू येतंय?" आबा म्हणाले. "लावतो. सकाळी मोठा करून लावतो, तुझं झालं की बंद करतो. ड्यूटी हाय ती माजी."

आई चहा घेऊन आली होती. तिला वेगळं विचारावं लागलं नाही. ती म्हणाली, की त्या टायमाला मी गोठ्यात असते, धारा काढायच्या असतात, म्हशीच्या अंगावर पंखा चालू असतो; तुझा आवाज हाय एवढं कळतं, काय बोलतीस ते न्हाई कळत. "पर बरं वाटतं," ती म्हणाली, आणि ऋषिराजपुढे बशी सरकवली. तिला त्या पोरीने काही विचारलंच नव्हतं. सुभेदारांनी घराचं मत सांगितल्यावर मनुबाईला विचारायला राहिलंच काय होतं?

गाडी मसूरच्या पुढे आली तेव्हा ऋषिराजला सगळं कळलेलं होतं. ओसरीवर बसून कळलं नाही तेवढं त्याने क्रांतीच्या तोंडावरून ओळखलं होतं.  मग म्हणाला, की मॅडम, झाकली मूठ सव्वा लाखाची. सगळीच स्टेशनं आपापल्या गावात हेच करत असतील. अजहरशेठला आकडे हवे आहेत, आकडे कंपनीने दिलेत, आपण कुणाला शिकवायला गेलो नव्हतो. यात खोटं काय आहे? हा दिवसातला दुसरा माणूस होता तिला विचारणारा, की खोटं काय आहे.  खोटं काहीच नव्हतं. मुद्दा आपल्या माणसांनी दिलं ते नेऊन कुठे ठेवायचं हा होता. माहेरून चोळीबांगडी येते ती अंगावर घालून मिरवायची असते. तिच्यावर किमतीची चिठ्ठी लावून बाजारात मांडायची नसते. गावाने तिची ओटी भरली होती. ती ओटी अजहरच्या गल्ल्यावर ओतून, बघा किती लोक ऐकतात, असं म्हणायचं? तिला तो विचारच सहन होईना. आपला तो बाब्या म्हणणाऱ्यांच्या जिवावर पहिलं येणं तिला नको होतं. कार्यक्रम बंद पडला तर पडो, असं तिला वाटलं, पण बंद पडला तर ती काय करणार होती? पहाटेची उठायची सवय, तो काचेमागचा लहानसा दिवा, लाल होताच छाती भरून घेतलेला श्वास. हे सगळं काढून घेतल्यावर उरलेली क्रांती तिला नीट माहीतही नव्हती. कऱ्हाड आलं, गेलं. कृष्णेचा पूल आला. नदीचं पाणी खाली गेलं होतं आणि खडक उघडे पडले होते. आज सकाळीच तिने धरणातून किती पाणी सोडलंय ते सांगितलं होतं. ते कुणी ऐकलं होतं?

अजहरच्या दुकानामागच्या खोलीत लसूण तळल्याचा आणि चुरमुऱ्यांचा वास भरून राहिला होता. अजहर चाळिशीचा, आजोबांपासून भडंगाचा धंदा. सांगलीत नाव, पण आता त्याला कऱ्हाड, कोरेगाव, पाटणच्या बाजूला पाय पसरायचे होते. त्याने पेपरातली जाहिरात बंद केली होती, फाट्याफाट्यावरचे फलक उतरवले होते, आणि वर्षाचं सगळं रेडिओवर लावायचं म्हणत होता. बहीण जीनत भागीदार. तिने नको म्हणून सांगितलं होतं, तिला पटवून तो बसला होता. हे तो हसत सांगत होता, पण जोखीम त्याच्या डोळ्यांत दिसत होती. ऋषिराजने लॅपटॉप उघडला. उंच पट्टी आली. अजहर पुढे वाकला, बराच वेळ बघत राहिला, आणि मग पट्टीकडे नाही, क्रांतीकडे बघून म्हणाला, "ताई, मला यातलं काय कळत न्हाई. तुमी सांगा. ह्ये खरं हाय का?"

ऋषिराजने तोंड उघडलं होतं. क्रांतीने त्याच्या आधी बोलायला सुरुवात केली. तिने धामणमाळचं सांगितलं, कट्ट्याचं सांगितलं, आबांच्या कानांचंही सांगितलं. जसं ती मायक्रोफोनपुढे सांगते तसंच, न धावता. लाज वाटत नव्हती. उलट मधेच तिच्या लक्षात आलं, की आपण हे गावाची तक्रार म्हणून नाही, गावाची थोरवी म्हणून सांगतो आहोत. अजहर एकदा हसलासुद्धा. मग गंभीर झाला आणि त्याने विचारलं, की तेवढं गाव काढलं तर उरतं किती. ती म्हणाली, ते मलाही माहीत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच जाणून घ्यायचं आहे. ऋषिराज खिडकीबाहेर बघत होता. आता या बाईने नाकाने कांदे सोलायला सुरुवात केली आहे, असं त्याच्या मानेवर स्पष्ट लिहिलेलं होतं.

मग तिने मागितलं ते असं. अजहरने एक नवा भडंग करावा, लसूण दुप्पट, तिखट कमी. तो दुकानात मांडायचा नाही, पाटी लावायची नाही, फोनवरून निरोप फिरवायचे नाहीत. सांगलीत आणि कऱ्हाड-कोरेगावच्या ओळखीच्या दुकानांत गल्ल्याखाली ठेवायचा. ती 'उजाडलं'मध्ये त्याचं एकदाच सांगेल. जो येऊन मागेल त्याने ऐकलेलं असेल. त्याला दुसरीकडून कळण्याचा मार्गच नसेल. अजहरने विचारलं, आणि कुणीच आलं नाही तर? "मग तुमी माझ्याकडं येऊ नका," क्रांती म्हणाली.  अजहरने हात पुढे केला नाही, फक्त होकारार्थी मान हलवली. आठवडाभराने फोन करतो म्हणाला. 

माल दुकानांत पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं. पाण्याचा विसर्ग आणि एका हरवलेल्या खोंडाची खूण, यांच्यामध्ये. लसणाचं सांगितलं, दुकानं सांगितली, एक श्वास थांबली आणि पुढे गेली. त्यानंतरचे दिवस तिने कसे काढले ते तिलाच ठाऊक. हात राहून राहून फोनकडे जायचा. तानाजीदादाला एक फोन केला असता तर धामणमाळ ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून कोरेगावात उतरलं असतं, आणि लसणाचा भडंग दुपारपर्यंत संपला असता. गावाला सांगण्याचा मोह एवढा असू शकतो हे तिला माहीत नव्हतं. पण तिने सांगितलं नाही. ती मनात एवढंच मागत होती, की गावातून निदान एक माणूस आपणहून यावा. एक. आबा नाहीत, त्यांना कळणंच शक्य नव्हतं. पण शाळेतली मैत्रीण, कुणी चुलती, तो तानाजीदादा स्वतः. कोरेगाव तर त्यांच्या रोजच्या वाटेवर. ऑफिसात लोक तिच्याशी जपून बोलत होते. मालकांनी बोलावलं नाही, म्हणजे ऋषिराजने अजून सांगितलेलं नव्हतं. तेवढं त्याचं तिला कौतुक वाटलं. रोज सकाळी दिवा लाल झाला, की काचेपलीकडे अंधार दिसायचा आणि त्या अंधारात कोण आहे हे तिला माहीत नसायचं. आबा समोरून उठून गेले होते. कुणाच्या डोळ्यांत बघून पुढचं वाक्य बोलायचं? तरी ती बोलत राहिली, थांबून, सावकाश, आणि एकदाही तिने आपलं बोलणं सोपं करून घेतलं नाही.

अजहरचा फोन आला तेव्हा ती ऑफिसच्या जिन्यात होती. भरदुपार होती, खालच्या गॅरेजमध्ये कुणीतरी पत्रा ठोकत होतं. ती पायरीवर बसली. अजहर व्यापारी माणसासारखा, आधी वाईट आणि मग बरं, असं सांगत गेला. धामणमाळचं एकही माणूस आलं नाही. कोरेगावच्या दुकानदाराने आठवणीने गाव विचारून घेतलं होतं. क्रांतीने डोळे मिटले. वाटलं होतं तेवढं लागलं नाही, की लागलं ते इतक्या आत होतं, की लगेच कळलं नाही. बाकीचे आले होते. लोंढा नाही, एक एक. तासगावचा एक द्राक्षवाला. उसाची वाहतूक करणारे दोन ड्रायव्हर, त्यांनी तर खोंड सापडला का म्हणूनही विचारलं. कऱ्हाडच्या दवाखान्यातल्या रात्रपाळीच्या नर्स, घरी जाता जाता. शिराळ्याकडून एक शिंपी, नुसता दुकान शोधत फिरला होता. कागदावरच्या पट्टीएवढे ते नव्हतेच, तिच्या पासंगालाही पुरले नसते. म्हणून वर्षाचं जमणार नाही, अजहर म्हणाला. गुढीपाडव्यापर्यंत घेतो, पुढचं पुढे बघू. जीनतनेच सांगितलं म्हणाला, घे म्हणून. येणारी माणसं तिने स्वतः गल्ल्यावर बसून बघितली होती. गुढीपाडव्यापर्यंत. क्रांतीने जिन्याचा कठडा धरला. कार्यक्रम जगला होता, थोडा, पण आपल्या पायांवर. गावाने दिलेलं गावाकडे राहिलं होतं, आणि हे एवढंसं, हे मात्र तिने कमावलं होतं. तिची मान आपोआप ताठ झाली.

"आनि एक हाय," अजहर म्हणाला. कऱ्हाडच्या दुकानात एक म्हातारी आली होती, बनुबाई नावाची, पाटणच्या वर डोंगरात राहणारी. तिकडे रेडिओ खिडकीत ठेवून फिरवत बसावं लागतं, तेव्हा कुठे आवाज लागतो. दोन एस.ट्या बदलून आली होती. तिने भडंग घेतला नाही. दात नाहीत म्हणाली.

"मग कशाला आल्या होत्या?"

"तुमाला इचारायला. दुकानदाराला म्हणाली, त्या बाईची वळख हाय न्हवं तुमची, तर इचारा, ती बरी हाय का. चार दिस झालं, आवाज बसल्यागत वाटतुया. घरात काय झालंय का, म्हणली."

ऑफिसात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. नवऱ्याच्या रोजच्या फोनवर त्याच्याही नाही. तिच्या स्वतःच्या लक्षात आलं नव्हतं. खाली पत्रा ठोकायचा थांबला.

"ताई? काय सांगू त्यास्नी? दुकानदाराकडं नंबर ठेवून गेलीया."

"सांगा, बरी आहे म्हणावं," क्रांती म्हणाली, आणि एवढं बोलायला तिला आधी घसा खाकरावा लागला.